विश्लेषण : टाकीत इंधन होते, तरी हेलिकॉप्टर कोसळले... ‘राखीव’ वीस मिनिटांचा अर्थ काय?

२९ नोव्हेंबर २०१३. स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरात शुक्रवारची रात्र. क्लाइड नदीकाठच्या ‘क्लुथा व्हॉल्ट्स’ या पबमध्ये वाद्यवृंदाचा कार्यक्रम रंगला होता आणि शंभरावर माणसे आत होती. रात्री १० वाजून २२ मिनिटांनी स्कॉटलंड पोलिसांचे एक हेलिकॉप्टर या पबच्या छपरावर कोसळले. हेलिकॉप्टरमधील तिघे आणि पबमधील सात, असे दहा जण मृत्युमुखी पडले. स्फोट झाला नाही, आग लागली नाही. दोन्ही इंजिनांना इंधन मिळेनासे झाल्याने ती हवेतच बंद पडली होती. मात्र तपासात असे आढळले, की हेलिकॉप्टरच्या मुख्य टाकीत ७६ किलो इंधन शिल्लक होते.

हेलिकॉप्टरचा अपघात म्हटला, की आपल्याकडे आधी हवामानाची आणि मग तांत्रिक बिघाडाची चर्चा होते. इंधन संपून हेलिकॉप्टर पडू शकते, हे अनेकांना पटतही नाही. मोटारीचा काटा खाली गेला तर आपण पंप शोधतो. वैमानिकाला एवढे कळत नाही का, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याला ते कळते. तरीही असे अपघात घडतात. त्यामागचा हिशेब आणि त्या हिशेबाला सुरुंग लावणारी माणसाची वृत्ती, या दोन्ही गोष्टी समजून घ्यायला हव्यात. केदारनाथच्या यात्रेकरूंपासून मुंबई हायच्या तेलविहिरींवरील कामगारांपर्यंत आणि निवडणुकीतील नेत्यांपासून रुग्णांपर्यंत अनेक जण आता या वाहनावर विसंबून आहेत.

ग्लासगोत त्या रात्री नेमके काय घडले?

हेलिकॉप्टर ‘ईसी १३५’ या दोन इंजिनांच्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रकारातले होते. रात्री ८ वाजून ४४ मिनिटांनी त्याने सुमारे ४०० किलो इंधन घेऊन उड्डाण केले. म्हणजे ९८ मिनिटांत सुमारे ३२४ किलो इंधन जळाले. मिनिटाला जवळपास सव्वातीन किलो. यात वावगे काहीच नाही. या हेलिकॉप्टरचा खप एवढाच असतो.

घोटाळा इंधनाच्या जागेत होता. या हेलिकॉप्टरमध्ये एक मोठी मुख्य टाकी असते आणि प्रत्येक इंजिनासाठी एकेक छोटी पुरवठा टाकी. इंजिन इंधन ओढते ते या छोट्या टाकीतून. मुख्य टाकीतले इंधन तिथवर पोहोचवण्यासाठी दोन पंप असतात. हेलिकॉप्टर नाक खाली करून पुढे जात असले, तर इंधन टाकीत एका बाजूला सरकते आणि एक पंप कोरडा पडू शकतो. ते एका जागी तरंगत असले, तर दुसरा. कोरडा पंप वैमानिक बंद करतो आणि स्थिती बदलली की पुन्हा सुरू करतो. त्या रात्री दोन्ही पंप बराच वेळ बंद होते. ते का बंद राहिले, याचे उत्तर ब्रिटनच्या हवाई अपघात तपास शाखेला ऑक्टोबर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंतिम अहवालातही देता आले नाही. या हेलिकॉप्टरवर उड्डाणाची माहिती नोंदवणारे यंत्र, म्हणजे आपण ज्याला ‘ब्लॅक बॉक्स’ म्हणतो ते, बसवणे नियमाने बंधनकारक नव्हते आणि ते बसवलेलेही नव्हते. तपासकांना इतर उपकरणांच्या स्मृतीत अडकून राहिलेल्या नोंदींवर भागवावे लागले.

मात्र एक गोष्ट त्या नोंदींतून स्पष्ट झाली. पुरवठा टाक्यांतील इंधन धोक्याच्या पातळीखाली गेल्याचे इशारे कॉकपिटमध्ये वाजले, दिवे लागले आणि ते पाहिल्याची पोचही दिली गेली. असा इशारा मिळाल्यावर दहा मिनिटांच्या आत हेलिकॉप्टर उतरवावे, असे वैमानिकाच्या तपासणी यादीत स्पष्ट लिहिलेले होते. प्रत्यक्षात नेमून दिलेली पाहणीची कामे सुरूच राहिली. तळ काही किलोमीटरवर असताना उजवे इंजिन बंद पडले आणि त्यानंतर अवघ्या ३२ सेकंदांनी डावे. वैमानिक नवखा नव्हता. ब्रिटिश हवाई दलात त्याने चिनूकसारखी अवजड हेलिकॉप्टर चालवली होती. २०१९ मध्ये न्यायिक चौकशीचा निष्कर्ष आला. इशारे मिळूनही ठरलेल्या कृतीप्रमाणे हेलिकॉप्टर उतरवले गेले नाही, हे अपघाताचे कारण असल्याचे त्यात नमूद केले आहे.

मग प्रत्येक वेळी टाकी पूर्ण का भरत नाहीत?

कारण हेलिकॉप्टरमध्ये इंधन ही वजनाची बाब आहे. विमानाला धावपट्टीवर वेग घेऊन पंखांच्या जोरावर उठता येते. हेलिकॉप्टरला स्वतःचे सगळे वजन पात्यांच्या जोरावर सरळ उचलावे लागते. म्हणून त्याच्या उचलण्याच्या क्षमतेत प्रवासी, सामान आणि इंधन हे तीन वाटेकरी असतात. एकाचा वाटा वाढला की दुसऱ्याचा कमी होतो.

हवा तापली किंवा उंची वाढली, की हवा विरळ होते आणि एकूण क्षमताच घटते. साडेतीन हजार मीटरहून उंच असलेल्या केदारनाथला जे हेलिकॉप्टर जाते, त्याला मुंबईत उचलता येईल तेवढे वजन तिथे उचलता येत नाही. मे महिन्यात विदर्भातल्या एखाद्या मैदानावरून पंचेचाळीस अंशांच्या उन्हात उडतानाही हीच अडचण येते. त्यामुळे ‘जास्त इंधन म्हणजे जास्त सुरक्षितता’ हे साधे समीकरण इथे लागू पडत नाही. अति भरलेले हेलिकॉप्टर उठतानाच कोसळू शकते. इंधन पुरेसे हवे आणि ‘पुरेसे’ म्हणजे किती, हे प्रत्येक उड्डाणाआधी नव्याने मोजावे लागते.

इंधनाचा हिशेब वैमानिक अनेकदा लिटरऐवजी किलोत करतात, त्याचेही कारण वजनच. साधारण तापमानाला एक लिटर एटीएफचे वजन आठशे ग्रॅमच्या आसपास असते. पंचेचाळीस अंशांना तेच लिटर अडीच-तीन टक्क्यांनी हलके भरते. इंजिनाला ऊर्जा मिळते ती इंधनाच्या वजनातून. लिटरचा आकडा तेवढाच दिसला तरी उडण्याचा वेळ थोडा कमी झालेला असतो.

हिशेब कसा मांडतात?

एक काल्पनिक पण वास्तवाच्या जवळचे उदाहरण घेऊ. तासाला २०० किलो इंधन लागणारे हेलिकॉप्टर आहे आणि ४५ मिनिटांचा प्रवास आहे. इंजिन सुरू करून जमिनीवर थांबण्यासाठी १० किलो. प्रत्यक्ष प्रवासाला १५० किलो. वारा, वळसा, अंदाजातील चूक यांसाठी प्रवासाच्या इंधनाच्या दहा टक्के, म्हणजे १५ किलो. ठरलेल्या जागी उतरता आले नाही तर पंधरा मिनिटांवरच्या पर्यायी ठिकाणी जाण्यासाठी ५० किलो. आणि सर्वांत शेवटी, हात न लावायचे वीस मिनिटांचे अंतिम राखीव इंधन : ६७ किलो. बेरीज २९२. वैमानिक थोडे हातचे धरून ३०० किलो घेईल.

म्हणजे ज्या प्रवासाला दीडशे किलो इंधन लागते, त्यासाठी तीनशे किलो घेऊन निघायचे. वरचे दीडशे किलो म्हणजे जवळपास दोन प्रवाशांचे वजन. व्यवसायाच्या दृष्टीने पाहिले, तर ही दोन रिकामी आसने आहेत आणि कात्री लावण्याचा मोह नेमका इथे होतो. पर्यायी जागेची तरतूद ‘हवा स्वच्छ आहे’ म्हणून गाळली जाते. अनपेक्षित खर्चाचे दहा टक्के ‘रोजचाच मार्ग’ म्हणून पाचावर येतात. हे करणे काही परिस्थितींत नियमात बसतेही. पण प्रत्येक कपातीनंतर उरलेला सगळा भार त्या शेवटच्या वीस मिनिटांवर येऊन पडतो.

ही वीस मिनिटे कोणी ठरवली?

आंतरराष्ट्रीय नागरी हवाई वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या मानकांनुसार डोळ्यांनी बाहेर पाहून केल्या जाणाऱ्या उड्डाणासाठी हेलिकॉप्टरकडे किमान वीस मिनिटांचे अंतिम राखीव इंधन असले पाहिजे. ढगांतून किंवा केवळ उपकरणांच्या भरवशावर उड्डाण असेल, तर पर्यायी ठिकाणाच्या वर तीस मिनिटे घिरट्या घालता येतील एवढे. अमेरिकेचे नियमही वीस आणि तीस मिनिटांचेच आहेत. भारतात यावर देखरेख करण्याची जबाबदारी नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची आहे.

या वीस मिनिटांबाबत दोन गैरसमज आहेत. पहिला, हे इंधन अडचणीत ‘वापरण्यासाठी’ आहे. नियमाचा आशय वेगळा आहे. हेलिकॉप्टरची चाके जमिनीला टेकतील तेव्हा हे इंधन टाकीत शाबूत असले पाहिजे, अशा बेताने सगळे उड्डाण आखायचे असते. उतरताना त्यातले काही वापरले गेले, तर ती नोंद घेण्याजोगी घटना ठरायला हवी.

दुसरा गैरसमज म्हणजे ही वीस मिनिटे कोणत्याही परिस्थितीत वीसच भरतात. ती मोजलेली असतात कमी इंधनात जास्त अंतर कापणाऱ्या वेगाने, सरळ उडत असताना. एका जागी तरंगताना हेलिकॉप्टरला मध्यम वेगाने पुढे जाण्यापेक्षा जास्त शक्ती लागते आणि इंधनही जास्त जळते. अंधारात उतरायची जागा शोधत घिरट्या घालू लागले, की कागदावरची वीस मिनिटे झपाट्याने आटतात. त्यात टाकीच्या तळाचे थोडे इंधन पंपाला उचलताच येत नाही आणि मापकाचा आकडाही काटेकोर असेलच असे नाही. ग्लासगोच्या अपघातानंतर दोनच आठवड्यांत त्याच प्रकारच्या दुसऱ्या एका हेलिकॉप्टरच्या इंधनमापकात दोष आढळला आणि ब्रिटनमधील संचालक कंपनीने आपली या प्रकारची सगळी हेलिकॉप्टर काही काळ जमिनीवर ठेवली. म्हणूनच जुने वैमानिक शिकाऊ वैमानिकांना दोन मापके पाहायला सांगतात. एक इंधनाचे आणि दुसरे मनगटावरचे घड्याळ.

हवेत गेल्यावर हिशेब का बदलतो?

सर्वांत मोठे कारण वारा. मुंबई हायचे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, अरबी समुद्रात आहे. तिथल्या कामगारांना नेणारी हेलिकॉप्टर जुहूच्या विमानतळावरून उडतात. ताशी २४० किलोमीटर वेगाचे हेलिकॉप्टर वारा नसताना चाळीस मिनिटांत पोहोचेल आणि चाळीस मिनिटांत परतेल. एकूण ८० मिनिटे. आता पावसाळ्यात पश्चिमेकडून ताशी ६० किलोमीटरचा वारा आहे असे समजा. जाताना तो समोरून येईल, म्हणून ५३ मिनिटे लागतील. येताना पाठीशी असेल, म्हणून ३२. एकूण ८५. जातानाचा तोटा येताना भरून निघेल, असे वाटते. पण तो पुरता निघत नाही, कारण उलट्या वाऱ्यात हेलिकॉप्टर जास्त वेळ असते. आणि परतीच्या वेळी वारा पडला, तर गणित आणखी बिघडते.

समुद्रावरच्या उड्डाणात आणखी एक अडचण असते. वाटेत उतरायला शेत नाही, मैदान नाही. अशा वेळी ‘परतीचा शेवटचा बिंदू’ आधीच काढून ठेवतात. त्या बिंदूपर्यंत मागे फिरण्याइतके इंधन असते. तो ओलांडला की पुढेच उतरावे लागते. त्यामुळे तिथे पोहोचण्याआधी पुढच्या फलाटावरचे हवामान, तिथला हेलिपॅड मोकळा आहे की नाही, हे विचारून निर्णय घ्यायचा असतो.

म्हणून हवेत गेल्यावर ठरावीक अंतराने, साधारण पंधरा-वीस मिनिटांनी, तीन प्रश्न विचारण्याची शिस्त असते. किती इंधन उरले? दर मिनिटाला प्रत्यक्षात किती जळते आहे? या वेगाने उतरताना हातात किती राहील? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अंतिम राखीव इंधनाच्या जवळ येऊ लागले, की बेत बदलायचा. लष्करी वैमानिक यासाठी उड्डाणाआधीच एक आकडा पक्का करतात. त्याला ‘बिंगो’ म्हणतात. मापक त्या आकड्यावर आले, की काम अर्धवट असले तरी परत फिरायचे. हा आकडा जमिनीवर, शांत डोक्याने ठरवलेला असतो, हीच त्याची ताकद आहे. हवेत, कामाच्या भरात तो ठरवायला बसले, तर तो हमखास खाली सरकतो.

इंजिन बंद पडले तरी पाती फिरतातच ना?

फिरतात, पण वैमानिकाने तत्काळ योग्य कृती केली तरच. इंजिन बंद पडताच पात्यांचा कोन कमी करून हेलिकॉप्टर खाली येऊ द्यायचे असते. मग खालून वर येणाऱ्या हवेने पाती फिरत राहतात आणि जमिनीजवळ त्याच फिरण्यातली ऊर्जा वापरून सावकाश टेकता येते. याला ‘ऑटोरोटेशन’ म्हणतात. मात्र त्यासाठी दोन-चार क्षणांची तत्परता, थोडी उंची आणि खाली मोकळी जागा लागते. दाट वस्तीच्या शहरावर, रात्री, दोन्ही इंजिने गेल्यावर या तिन्हींची वानवा असते. वीजपुरवठा तुटल्याने ग्लासगोच्या हेलिकॉप्टरचा उतरतानाचा दिवा आणि जमिनीपासूनची उंची दाखवणारे उपकरणही बंद पडले होते.

अमेरिकेतील मिसुरीचे उदाहरण काय सांगते?

२६ ऑगस्ट २०११ रोजी मिसुरी राज्यात एका रुग्णवाहिका हेलिकॉप्टरचा अपघात झाला. वैमानिक, परिचारिका, आपत्कालीन वैद्यकीय कर्मचारी आणि रुग्ण, असे चौघे त्यात गेले. रुग्णाला घ्यायला रुग्णालयात उतरल्यावर वैमानिकाच्या लक्षात आले, की समजत होतो त्यापेक्षा इंधन बरेच कमी आहे. त्याने संपर्क केंद्राला ते सांगितले आणि वाटेतल्या एका विमानतळावर इंधन भरायचे ठरवले. त्या विमानतळापासून सुमारे एक मैलावर इंजिन थांबले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१३ मध्ये कारणे सांगितली, ती वाचण्यासारखी आहेत. पहिल्या उड्डाणाआधी इंधन पुरेसे आहे की नाही, याची खात्री केली गेली नाही. कमी असल्याचे कळल्यावरही दुसरे उड्डाण केले गेले. इंजिन बंद पडल्यावर ऑटोरोटेशन साधले नाही. यांच्या जोडीला कामाच्या वेळी मोबाइलवर चाललेले खासगी संदेश, वैमानिकाचा थकवा आणि प्रत्यक्ष प्रवासाच्या वेगात इंजिन बंद पडल्यास काय होते, याचा अपुरा सराव. आणखी एक कारण मंडळाने नोंदवले, ज्याकडे सहसा लक्ष जात नाही. इंधनाची अशी असाधारण स्थिती उद्भवली, तर कंपनीच्या उड्डाण नियंत्रण केंद्रातील तज्ज्ञाला कळवलेच पाहिजे, असा नियम कंपनीत नव्हता. म्हणजे ‘थांब, उडू नकोस, इंधन तिकडेच पाठवतो’ असे म्हणण्याचा अधिकार आणि जाण असलेला माणूस त्या संभाषणातच नव्हता. रुग्ण समोर स्ट्रेचरवर असताना एकट्या वैमानिकाकडून त्या निर्णयाची अपेक्षा केली गेली.

‘इंधन कमी आहे’ हे सांगायचे कसे?

यालाही रक्तरंजित इतिहास आहे. २५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ कोलंबियाच्या आविआंका कंपनीचे बोइंग ७०७ इंधन संपून कोसळले आणि ७३ जण दगावले. विमानातून इंधन संपत आल्याचे सांगितले गेले होते, पण ‘आणीबाणी’ हा शब्द उच्चारला गेला नाही. नियंत्रकांनी ते नेहमीच्या विनंतीसारखे ऐकले.

आता यासाठी ठरलेले शब्द आहेत आणि ते हेलिकॉप्टरलाही लागू आहेत. ‘मिनिमम फ्युएल’ म्हणजे ठरलेल्या ठिकाणीच उतरावे लागेल, आणखी विलंब झाला तर राखीव इंधनाला हात लागेल. ही आणीबाणी नाही, पूर्वसूचना आहे. ‘मेडे मेडे मेडे फ्युएल’ म्हणजे जवळच्या सुरक्षित जागी उतरतानाही राखीव इंधन शाबूत राहणार नाही. ही आणीबाणी आहे. १९ जून २०२५ रोजी गुवाहाटीहून चेन्नईला जाणाऱ्या भारतीय विमानाने इंधनासाठी ‘मेडे’ दिला आणि ते बेंगळुरूला सुखरूप उतरले. त्यावर समाजमाध्यमांत भीतीचा सूर उमटला. वास्तविक हा शब्द वेळेत उच्चारला गेला, ही दिलाशाची बाब होती.

मग वैमानिक वेळेत उतरत का नाहीत?

खरा प्रश्न हा आहे. हेलिकॉप्टरला तर देवाने जणू वरदान दिले आहे. विमानाला धावपट्टी लागते, हेलिकॉप्टरला क्रिकेटचे मैदान किंवा कापणी झालेले शेतही पुरते. वस्ती आणि समुद्र सोडला, तर इंधन संपेपर्यंत उडत राहण्याची वेळ त्याच्यावर यायलाच नको. अमेरिकेतील हेलिकॉप्टर चालकांच्या संघटनेने काही वर्षांपूर्वी ‘उतरा आणि जगा’ या अर्थाची मोहीम राबवली, ती याच भावनेतून. संकट येण्याआधी शेतात उतरणे हा पराभव नाही, हे वैमानिकांच्या मनावर ठसवण्याची गरज त्या संघटनेला वाटली, यातच सगळे आले.

शेतात उतरले की प्रश्न सुरू होतात. परवानगी होती का? प्रवाशाचा कार्यक्रम चुकला, त्याचे काय? इंधन घेऊन गाडी कोण पाठवणार? बातमी झाली तर कंपनीचे नाव खराब होईल. याउलट पाच मिनिटे ताणून तळावर पोहोचले, तर कोणी काहीच विचारत नाही. दहा वेळा ताणून निभावले, की अकराव्या वेळी ताणणे हा धोका वाटत नाही, सवय वाटते. मूळ बेत चुकतो आहे हे दिसत असूनही तोच पुढे रेटण्याच्या या प्रवृत्तीला हवाई सुरक्षेच्या अभ्यासात स्वतंत्र नाव आहे. बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट यांच्यासह नऊ जणांचा बळी घेणाऱ्या जानेवारी २०२० च्या हेलिकॉप्टर अपघातातही तपासकांना ती आढळली. तिथे इंधन नव्हे, धुके कारणीभूत होते. घसरण मात्र तीच.

आपल्याकडे काय करायला हवे?

आपल्याकडे हा दबाव कमी नाही. निवडणुकीच्या हंगामात एक नेता दिवसाला चार-पाच सभा घेतो. पहिली सभा लांबते, दुसऱ्या हेलिपॅडवर इंधनाची व्यवस्था नसते, आणि सूर्यास्ताच्या आत शेवटचे ठिकाण गाठायचे असते. केदारनाथच्या यात्रेत फाटा, सिरसी, गुप्तकाशी येथून दिवसभर फेऱ्यांवर फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत इंधन आणि प्रवासी यांची ओढाताण असते. १५ जून २०२५ रोजी गौरीकुंडजवळ झालेल्या अपघातात सात जण गेले, त्यात महाराष्ट्रातील यात्रेकरूही होते. तिथे प्राथमिक माहितीत हवामानाचा मुद्दा पुढे आला, इंधनाचा नव्हे. पण ‘आणखी एक फेरी’चा रेटा दोन्हींना सारखाच पोसतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये हृषीकेशच्या एम्समधून हेलिकॉप्टर रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. अशा सेवा वाढणार आहेत आणि वाढायलाही हव्यात. मिसुरीतले धडे त्यासाठी आयतेच तयार आहेत.

त्यातले चार तरी ताबडतोब अमलात आणण्यासारखे आहेत. एक, राखीव इंधन वाचवण्यासाठी वाटेत उतरलेल्या वैमानिकाला कारवाईची किंवा नोकरीची भीती नसावी. विचारणा व्हायची तर राखीव इंधन वापरून तळ गाठणाऱ्याची व्हावी. दोन, हवेतला वैमानिक एकटा नसावा. इंधनाची स्थिती पाहणारी आणि ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार असलेली व्यक्ती जमिनीवर असावी. तीन, छोट्या हेलिकॉप्टरवरही उड्डाणाची माहिती नोंदवणारे यंत्र असावे. ग्लासगोच्या तपासानंतर ब्रिटिश तपासकांनी पोलीस आणि रुग्णवाहिका हेलिकॉप्टरसाठी हीच शिफारस केली. या नोंदी केवळ अपघातानंतर पाहायच्या नसतात. कोण किती इंधन घेऊन उतरते, हे दर महिन्याला तपासले तर सवय अपघाताआधीच दिसते. चार, हेलिकॉप्टर भाड्याने घेणाऱ्या सरकारी खात्यांनी, राजकीय पक्षांनी आणि यात्रा कंपन्यांनी करारातच लिहावे, की इंधन आणि हवामान याबाबत वैमानिकाचा शब्द अंतिम असेल आणि त्यामुळे झालेल्या विलंबाचा दंड कोणालाही लागणार नाही. दंडाचे कलम असेपर्यंत वैमानिकाचा शब्द अंतिम असल्याची भाषा फसवी आहे.

यावर खर्चाचा आक्षेप येईल. तो खोटा नाही. जास्तीचे इंधन म्हणजे कमी प्रवासी आणि महाग तिकीट. तळावर चोवीस तास जाणकार माणूस बसवायचा, तर पगार द्यावा लागतो. पण हा खर्च आजही कोणी तरी करतेच आहे. फरक एवढाच, की आज तो वैमानिकाच्या मनावरचा ताण आणि प्रवाशाच्या जिवाची जोखीम या रूपात, पावती न फाडता वसूल होतो.

सामान्य वाचकाच्या हातात यातले काय आहे? त्याला टाकीचा काटा दिसत नाही आणि पंप चालू की बंद, हेही कळत नाही. पण तिकीट काढणारा यात्रेकरू असो की सभेला निघालेला उमेदवार, त्याला एक गोष्ट करता येते. वैमानिक ‘दोन जणांनी मागून या’, ‘आधी इंधन भरून घेऊ’ किंवा ‘इथेच उतरू’ म्हणाला, तर हुज्जत न घालणे. दर्शन दुसऱ्या दिवशी होते आणि सभा फोनवरूनही घेता येते. टाकीच्या तळाशी राखून ठेवलेली ती वीस मिनिटे प्रवाशाने पैसे मोजून विकत घेतलेली असतात आणि ती उतरताना तशीच शिल्लक राहिली, तर त्याचे पैसे वसूल झालेले असतात.